एकतिसाचा पाढा

मार्च आला की माझं डोकं फिरतं. उन्हानं नव्हे, बेळगावचं ऊन तसं माणसात आहे, संध्याकाळी वारा सुटला की सारं माफ. डोकं फिरतं ते हॉल तिकिटांनी. परीक्षेचे नंबर हातात पडले की पोरं आधी काय करतात? केंद्र कुठलं आलं बघत नाहीत, तारीख-वार बघत नाहीत. नंबरातले अंक एकमेकांत मिळवत सुटतात. सात नि दोन नऊ, नऊ नि सात सोळा. शेवटी एक अंक उरेपर्यंत मिळवायचं. चांगला आला तर पेढे, वाईट आला तर हातात काळा दोरा.

मी कॉलेजात गणित शिकवते. निवृत्ती दाराशी आली आहे, पण राग अजून सेवेत आहे. परवा शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनं मला विचारलं, ‘मॅडम, तुमचा मूलांक किती?’ जिला मी तीन वर्षं संख्यांचे गुणधर्म शिकवले ती ही! मी म्हटलं, ‘बाई गं, तुझ्या वर्गातला माझा मूलांक शून्य.’ ती हसली. तिला तो विनोद वाटला.

केवढी मोठी संख्या असते एखादी! कुणी तिला भागतं, कुणी तिच्यापुढं हात टेकतं. तिच्या पोटात कुठल्या संख्या दडल्या आहेत ते बाहेरून कळत नाही. बसावं लागतं, घाम गाळावा लागतो, चुकावं लागतं. आणि हे लोक काय करतात? सहा अंकी संख्येला चिमटीत धरतात, पिळतात, आणि हातात उरलेला एक थेंब दाखवून सांगतात, ही बघा, ही अशी आहे. आठ. म्हणजे शनी. झाला निकाल!

हा राग आजचा नाही. तो एका सुगीचा आहे, आणि त्या सुगीला मसुराच्या धुळीचा वास आहे.

काकतीच्या डोंगराखाली आमचं गाव. फाल्गुनात मसूर काढून खळ्यावर येई. झाडं वाळून इतकी कुरकुरीत झालेली असत की हात लावला तरी शेंग फुटे. धूळ नाकात, धूळ केसांत, भाकरीत पण धूळ. आंब्याचा मोहोर गळून बारक्या कैऱ्या धरलेल्या. त्या दिवसांत दहावीची परीक्षा यायची, म्हणजे अभ्यास आणि सुगी यांची एकाच वेळी गाठ. आम्ही पोरी एका हातात विळा आणि डोक्यात प्रमेय घेऊन रानात जायचो. घरच्यांच्या मते विळा खरा होता आणि प्रमेय हा शाळेनं लावलेला नाद होता.

आम्ही दोघी. मी सुरेखा आणि माझ्या शेजारच्या घरातली सुनंदा, सगळ्या गावाची सुनी. हजेरीत तिच्या पाठोपाठ माझं नाव. त्यामुळं हॉल तिकिटंही पाठोपाठ आली. तिचा नंबर ७२०७१९. माझा ७२०७२०.

आमचे गणिताचे सर मोठे हौशी. त्यांनी माझा नंबर बघितला आणि खडू टाकून टाळीच वाजवली. ‘पोरी, तुला काय मिळालंय ठाऊक हाय काय?’ म्हणाले. मग फळ्यावर लिहून दाखवलं. दोननं भागा, जातो. तीननं भागा, जातो. चार, पाच, सहा, सात, अगदी अकरा, तेरा, सोळापर्यंत कुणीही या, माझी संख्या सगळ्यांना वाटून पुरते, बाकी शून्य. आणि एक ते सोळा सगळ्यांना पुरणारी याहून लहान संख्या जगात नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी उपाशी उठू नये तशी ती संख्या. मी वर्गात मिरवून घेतलं. मी काहीच केलं नव्हतं, पण मिरवायला काही करावं लागतं असं कुठं आहे?

सुनीचा नंबर माझ्याहून एकानं कमी. म्हणजे गंमत बघा: दोननं भागलं तर एक उरतो, तीननं भागलं तर दोन, चारनं भागलं तर तीन, सातनं भागलं तर सहा, सोळानं भागलं तर पंधरा. प्रत्येक ठिकाणी नेमका एक कमी पडतो. जिथं जाईल तिथं दारापर्यंत पोचते आणि एका पावलासाठी बाहेर राहते.

सरांनी सगळ्या वर्गाला कामाला लावलं. आम्हाला तीसपर्यंतचे पाढे पाठ. आमच्याकडं ती मोठी प्रतिष्ठेची गोष्ट होती. ज्याला एकोणतीसचा पाढा न अडखळता येतो त्याच्या आईला पाणवठ्यावर मान मिळे. वर्गानं सतराचा, एकोणीसचा, तेवीसचा, एकोणतीसचा पाढा लावून बघितला. सुनीचा नंबर कशातच बसेना. तीसपर्यंतच्या एकाही पाढ्यात तो नाही म्हटल्यावर सरांनी खुशाल जाहीर केलं, ‘अविभाज्य! हिला कोण भागू शकत न्हाय.’ आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. तीस संपले म्हणजे जगातले पाढे संपले, असंच आमच्या साऱ्या पंचक्रोशीला वाटत होतं.

सुनीला तसं वाटलं नाही.

तिच्या घरचं खळं त्या दिवसांत नवं सारवलेलं होतं. शेण-मातीचा लेप अजून ओला, त्यावर काडीनं ओढलं की रेघ उमटे. मी भाकरी पोचवायला गेले तर ही पोर खळ्याच्या कडेला उकिडवी बसून जोंधळ्याच्या धाटानं आकडे कोरते आहे. तिनं एकतिसाचा पाढा स्वतः तयार केला होता. एकतीस, बासष्ट, त्र्याण्णव, एकशे चोवीस. कुठल्याही पुस्तकात नाही, कुणी शिकवला नाही. मग भागायला बसली. बाहत्तरातून बासष्ट गेले, दहा उरले. वरचं शून्य खाली उतरवलं. असं करत करत शेवटी उरले दोनशे एकोणऐंशी. तिनं धाट उचलून धरलं, ओठ हलवले आणि म्हणाली, ‘एकतीस नवे दोनशे एकोणऐंशी.’

बाकी शून्य.

‘सुरे, गेला गं!’ ती ओरडली. ‘सरांचं चुकलं! एकतीसनं जातोय!’

मळणीच्या जागी रेघोट्या ओढल्या म्हणून तिची आई मागनं आली ती शेणाच्या हातानंच. पाठीत एक धपाटा बसला. सुनी हसत होती. तिथंच न थांबता भागाकारातून आलेल्या २३२४९ च्या मागं लागली, आणि दोन-चार दिवसांत सडसष्ट आणि तीनशे सत्तेचाळीस अशी त्याचीही फोड करून आली. सदतीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस, सगळ्यांचे पाढे करून बघत. मसूर काढताना, गुरांना पाणी दाखवताना. तिच्या नंबराच्या पोटात तीन अविभाज्य संख्या होत्या, एकतीस, सडसष्ट आणि तीनशे सत्तेचाळीस, आणि त्या शोधून काढणारी आख्ख्या हायस्कुलात ती एकटी होती. सरांनी वर्गात उभं राहून आपली चूक कबूल केली. चांगला माणूस. पुढं खळं वाळलं, त्यावर मसूर पडला, बैल फिरले.

आणि मग मामा आले.

सुनीचे मामा शहापूरचे. चार माग होते त्यांचे, साड्या विणत. त्यांच्या गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी मागांचा खटका ऐकू येई, बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. सुनीचे वडील मवाळ. घरात शब्द चाले तो मामांचा. होळीला पोळी खायला आले, पोळी खाल्ली, हात धुतले आणि म्हणाले, ‘बघू, पोरीचा नंबर काय आलाय.’

सात नि दोन नऊ. शून्य सोडा. नऊ नि सात सोळा. एक सतरा. नऊ सव्वीस. दोन नि सहा आठ.

मी तिथंच होते, ओट्यावर. मामांनी जीभ टाळूला लावून च्यक् केलं तेही मला ऐकू आलं. ‘आठ. शनीचा आकडा. ह्या वर्साला ऱ्हाऊ दे दाजी. फुडच्या वर्साला बसू दे. आन् निपाणीचं ते स्थळ बी थांबायला तयार न्हाय.’ एका वाक्याला दुसरं वाक्य इतक्या सहज जोडलं होतं त्यांनी.

सुनी म्हणाली, ‘मामा, अंकांची बेरीज म्हंजे नऊनं भागल्यावरची बाकी वो. दुसरं काय न्हाय त्यात.’

‘बघ कशी बोलायलीय,’ मामा हसले. ‘लई शिकलीस की गं तू. बास झालं की मग.’

पुढचं वर्ष कधी आलं नाही. चैत्रात लग्न झालं, सुनी निपाणीला गेली. परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्या पुढचा बाक रिकामा होता. लाकडावर खडूनं ७२०७१९ लिहिलेलं. प्रत्येक पेपरला पर्यवेक्षक येऊन त्या बाकापाशी थांबत आणि त्यांच्या कागदावर गैरहजर लिहीत. गणिताच्या पेपरला मला रडू आलं, ते पेपर अवघड म्हणून आलं असं समजून त्यांनी मला पाणी दिलं. माझ्या वडिलांना अंकांची बेरीज करायची अक्कल नव्हती असं मामा पुढं कुठंतरी म्हणाले होते म्हणे. देवाची कृपा! माझी बेरीज नऊ येते, नऊ म्हणजे मंगळ, आणि मंगळाची माणसं तापट असतात असं हे शास्त्र सांगतं. एवढ्या एका बाबतीत मी त्याच्याशी भांडत नाही.

तेव्हापासून मी त्या आठाच्या मागं लागले आहे. वर्गात, लग्नात, बसमध्ये, जिथं कुणी अंक मिळवायला लागेल तिथं मी उपदेशाला उभी. लोकहो, दहाला नऊनं भागा, एक उरतो. शंभराला भागा, एक उरतो. हजार, लाख, सगळ्यांचं तेच. म्हणून अंक मिळवले की नऊची बाकी मिळते. बस्स, एवढीच त्या आठाची किंमत. मग अकरानं भागून काय उरतं ते का विचारत नाही? तेरानं का नाही? आणि आपण दहा-दहानं मोजतो ते हाताला दहा बोटं आहेत म्हणून. देवानं आठच बोटं दिली असती तर आपण आठ-आठानं मोजलं असतं, आणि त्याच सुनीच्या त्याच संख्येची बेरीज करत करत शेवटी सहा आले असते. सहा म्हणजे शुक्र! मामा पेढे घेऊन आले असते. दोन बोटं जास्त पडली म्हणून एका मुलीची शाळा सुटली, असं मी तावातावानं सांगते. लोक मान डोलावतात. मग हळूच विचारतात, ‘मॅडम, गाडीला कुठला नंबर घेऊ?’

जुनी माणसं अडाणी होती असं म्हणून सुटावं तर तेही नाही. ही विद्या आता शिकलेल्यांच्या हाती गेली आहे. इंजिनियर झालेली पोरं नावाच्या स्पेलिंगमध्ये एक ए वाढवून घेतात. मोबाइल नंबर विकत घेण्याआधी बेरीज करतात. पूर्वी एक मामा होता, आता प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तो रात्रंदिवस जागा असतो.

यंदा सुनीचा फोन आला. तिची नात अपूर्वा दहावीला. ‘शनवारी गणिताचा पेपर हाय. तू आदल्या दिवशी येऊन जरा बघ गं तिचं. लई घाबरलीय.’ मी शुक्रवारी दुपारच्या बसनं निघाले. संकेश्वर मागं पडलं, निपाणी आली आणि खिडकीतून तंबाखूचा उग्र वास घुसला. तिथली माणसं त्या वासात जेवतात-झोपतात, मला मात्र उतरल्या उतरल्या तीन शिंका आल्या. सुनी स्टँडवर आली होती. केस पांढरे, चाल तीच, फटाफट.

पोरगी गणितात चांगली होती. तिला काहीच येत नाही असं तिला कुणीतरी पटवून दिलेलं होतं. चौकशी केली तर कळलं: नंबराची बेरीज आठ. पेपर शनिवारी. शनी आणि शनिवार! सुनीचा मुलगा सचिन कागलच्या कारखान्यात इंजिनियर. त्यानं फोनवरच्या कुणा अंकशास्त्रज्ञ सरांना विचारलं होतं. सरांचं म्हणणं, शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ, त्यात घराचा उंबरा ओलांडायचा नाही. आधी निघा नाहीतर नंतर.

‘आधीच निघू की मग,’ मी म्हटलं.

‘व्हय की मावशी, साडेआठलाच काडतो गाडी,’ सचिन म्हणाला. पोरगा गुणी आहे, नावं ठेवायला जागा नाही. म्हणून तर संताप जास्त.

पण शनिवारी सकाळी त्याच सरांनी सांगितलेली शांतीची पूजा लांबली. भटजी उशिरा आले, निखारे धरेनात, आरतीला शेजारीण आली ती बोलत बसली. घड्याळात नऊ वाजले आणि घरातला प्रत्येकजण जागच्या जागी थांबला. सव्वादहाला पेपर. रिक्षानं दहा मिनिटांचा रस्ता. आणि दारात कुणी पाऊल टाकेना.

‘अर्धा तास उशीर झाला तरी आत घेत्यात,’ सचिन म्हणाला. ‘मी इचारून ठेवलंय. साडेदहाला निघालो तरी टायमात पोचतो.’

सुनी म्हणाली, ‘मी प्रस्थान ठेवलंय रं. उजाडायला तिची कंपासपेटी पलीकडं जोशीकाकूंच्यात नेऊन ठेवली. झालं की निघणं.’

मला हसू आलं. जुन्या लोकांनी मुहूर्त काढले, पण माणूस अडून राहू नये म्हणून पळवाटही ठेवली. निघायचा मुहूर्त चुकणार असला तर आधीच एखादी वस्तू शेजारी नेऊन ठेवायची. ती निघाली म्हणजे तुम्ही निघालात. किती शहाणपणाची फसवणूक!

‘ते आता चालत न्हाय आई,’ सचिन म्हणाला. ‘सरांनी स्पष्ट सांगितलंय. सोता माणसानं उंबरा ओलांडाया पायजे.’

मग मी सुरू झाले. माझ्या साऱ्या आयुष्याचा उपदेश मी त्या माजघरात ओतला. नऊची बाकी सांगितली, दहा बोटं सांगितली, आठ बोटं सांगितली, शुक्र सांगितला. सून पदर सावरून ऐकत होती, भटजीसुद्धा ऐकत होते. माझं संपल्यावर सचिन नम्रपणे म्हणाला, ‘मावशी, तुमचं शंभर टक्के बरोबर हाय. पण पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय न्हवं? इषाची परीक्षा कशाला?’

सगळ्यांनी मान डोलावली. घड्याळाचा काटा सव्वानऊवर होता. अपूर्वा भिंतीला टेकून उभी, हातात घट्ट धरलेलं हॉल तिकीट, ओठ पांढरे. मला वाटलं, आता या सगळ्यांना धरून बदडावं.

सुनी उठली. वाद नाही, आवाज चढवणं नाही. चुलीवरचं दूध उतरवावं इतक्या सहज ती दारापाशी गेली, नातीच्या चपला उचलून उंबऱ्याबाहेर ठेवल्या आणि म्हणाली, ‘चल गं.’

‘आई!’ सचिन आडवा आला. ‘आठ आलेत तिचे. काय झालं तर?’

‘मी बसलेली हाय की जित्ती. काय व्हायचं ते माझ्यावर ढकल,’ सुनी म्हणाली आणि पोरीचा दंड धरून बाहेर पडली. मी मागोमाग. जोशीकाकूंच्या दारातून कंपासपेटी उचलली, कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. गेटवरच्या पोलिसानं कानडीत ‘लगू बर्री, लगू!’, लवकर या, असं म्हणत आम्हाला हात केला. अपूर्वा पळत आत गेली. वळून बघितलं नाही, तेच मला आवडलं.

रस्त्यापलीकडं लिंबाखाली आम्ही दोघी टेकलो. घंटा झाली. माझा ताव अजून उतरला नव्हता. ‘त्या आठानं तुझं वाटोळं केलं,’ मी म्हटलं. ‘आणि आज तुझ्या नातीच्या मागं लागला होता.’

सुनी पायाच्या अंगठ्यानं धूळ सारत होती. ‘आठानं काय केलं गं,’ ती म्हणाली. ‘मामा होळीला नंबर बघायला आलते. माझ्या लग्नाची साडी संक्रांतीलाच मागावर चढलेली.’

मला कळेना. ‘तुला कुणी सांगितलं?’

‘कोण सांगतंय? मी बघितली की. मामींच्यात संक्रांतीला गेलतो न्हवं. हिरवी, लाल काठाची. मामी म्हटली, ही तुझी. कुणाला बोलू नगोस.’

म्हणजे होळीला आठाऐवजी तीन आले असते, नऊ आले असते, तरी मामांना काहीतरी सापडलंच असतं. आणि मी इतकी वर्षं एका बिचाऱ्या अंकावर दात धरून बसले होते! माणसांवर धरायचा सोडून. अंगाची आग आग झाली. मामा आता नाहीत, नाहीतर त्याच पावली शहापूर गाठलं असतं.

मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. संक्रांत आधी, हॉल तिकिटं नंतर, मसुराची सुगी त्याच्याही नंतर.

‘अगं, म्हणजे परीक्षेला बसायला मिळणार नाही हे तुला ठाऊक होतं,’ मी म्हटलं. ‘मग खळ्यावर बसून ते भागाकार कशाला करत होतीस? मार खात?’

सुनीनं माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी अगदीच खुळ्यासारखं विचारल्यासारखं.

‘नंबर माझा होता न्हवं,’ ती म्हणाली.